थांबलेल्या गाडीचं तोंड

मामा, तुमची गाडी भिंतीकडे तोंड करून उभी आहे.

तुमच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला अंगणात जागा हवी होती, म्हणून प्रवीणच्या मित्रांनी ती ढकलत नेली आणि कोपऱ्यात लावून टाकली. पुढे भिंत, एका बाजूला पाण्याची टाकी आणि मागे मंडपवाल्याच्या लाल खुर्च्यांच्या चळती. वंदना झाली, माणसं जेवून गेली. खुर्च्या न्यायला मात्र पावसामुळे अजून कोणी आलेलं नाही. स्वयंपाकघराच्या खिडकीच्या गजांतून मला गाडीचा फक्त मागचा दिवा दिसतो. भांडी घासताना मी त्याच्याकडे बघत राहते. काहीतरी चुकलंय असं रोज वाटतं, आणि काय ते सापडत नाही.

पाऊस लागून राहिलाय. आपल्या सातपूरच्या या दोन खोल्यांत दिवसभर दिवा लावावा लागतो. दाराशी ओल्या चपलांचा ढीग, दोरीवर न वाळलेले कपडे, आणि बाहेरच्या खोलीत तुमच्या फोटोसमोर कोणी ना कोणी बसलेलं. मी चहा करते, कप विसळते, पुन्हा चहा करते. शेजारी नवे भाडेकरू आलेत. त्या बाई मला म्हणाल्या, "मामा गेले म्हणे तुमचे. आईचे सख्खे भाऊ का?" आत्याबाईंनीच उत्तर दिलं. "माझा नवरा गेला, बाई. आमच्यात सून सासऱ्याला मामा म्हणती आन् सासूला आत्याबाई." एवढं बोलून त्या आत जाऊन पडल्या. त्या दिवशी तेवढंच बोलल्या.

येणारा प्रत्येक जण तुमच्याबद्दल चांगलंच बोलतो. पण निघताना दाराशी थबकतो आणि मला सांगतो, "करुणा, आता पावसाळाभर गाडी नको हं." तुमच्या कंपनीतले जुने सोबती म्हणाले, माझ्या नणंदा म्हणाल्या. माझी आई कळवणहून आली होती, तीसुद्धा जाताना माझा हात धरून तेच म्हणाली. आणि सगळ्यांच्या बोलण्याचा शेवट एकच. "तुझे सासरे काय म्हणायचे? थांबायला शिका. म्हणायचे की नाही?"

म्हणायचात. कितीतरी वेळा म्हणायचात.

काल प्रवीण म्हणाला, "दिवाळीपर्यंत रजा टाक. पुढच्या वर्षी बदलीचं बघू."

"बिनपगारी?"

"बिनपगारी तर बिनपगारी. तुला रोज सकाळी कोण सांगणार जा का नको जाऊ? ते काम बाबांचं होतं. मी फर्स्ट शिफ्टला, मी तर तुझ्याआधीच घर सोडतो." मग आवाज खाली आणून म्हणाला, "करुणा, आत्ताच एक माणूस गेलंय घरातलं."

त्याचे डोळे सुजलेले होते. मी भांडले नाही. सोमवारी माझी रजा संपते, आणि सोमवारी मी पेठ रस्त्याने घाट चढून शाळेत जायचं की इथेच या गजांमागे उभं राहायचं, हे जणू सगळ्यांनी मिळून ठरवून टाकलंय. तेही तुमच्या नावाने.

म्हणून तुमच्याशी बोलतेय. दुसऱ्या कोणाशी बोलू?

तुम्हाला ठाऊक आहे, माझ्या माहेरी चाक असलेली एकच वस्तू होती, बाबांची बाजारातली हातगाडी. सायकलसुद्धा नव्हती. मी कळवणच्या शाळेत पायी गेले, कॉलेजात पायी गेले, आणि आमच्या घरातली पहिली बी.ए. झाले तेव्हा निकालही पायी जाऊनच आणला. मग डी.एड. झालं, लग्न झालं, नोकरी लागली, आणि शाळा मिळाली ती करंजाळीच्या पुढे, मोठा रस्ता सोडून आत. एस.टी. जाते, पण शाळा भरून गेल्यावर पोचते आणि शाळा सुटायच्या आत परत फिरते. नेमणुकीचा कागद हातात घेऊन मी रडत होते. सगळ्यांना वाटलं आनंदाने रडते. तुम्ही फक्त विचारलंत, "जायचं कसं, म्हणून ना?" आणि दुसऱ्या दिवशी गाडीची चावी माझ्यापुढे धरलीत.

स्कूटर नाही, तुमची स्वतःची मोटारसायकल. "घाटात मोठं चाक पाहिजे," एवढंच कारण दिलंत.

कंपन्यांना सुट्टी असली की इकडचे रस्ते कसे रिकामे होतात! पाऊस पडून गेला की तुम्ही मला मुद्दाम त्या रस्त्यांवर न्यायचात. मी म्हणायचे, "मामा, कोरड्यात शिकवा ना आधी." तुमचं उत्तर ठरलेलं. "कोरड्यात कोण बी शिकवील." पहिल्या सरीनंतर रस्त्यावर तेल कसं वर येतं, इंद्रधनुष्यासारखे रंग दिसले की तिथून कसं बाजूने जायचं, पांढऱ्या पट्ट्यांवर आणि लोखंडी झाकणांवर ब्रेक का नाही मारायचा, सगळं तिथे शिकले. वळणाच्या आधीच वेग टाकायचा, वळणात नाही. दोन्ही ब्रेक एकत्र, पण पिठाच्या डब्याचं घट्ट झाकण लावतो तसे, सगळीकडून सारखं दाबत.

आणि मी हँडल आवळून धरायचे तेव्हा केवढे ओरडायचात! "अगं, गळा दाबती का काय तिचा? भाकरी थापती ना? पिठावर जोर दिला तर काय होतं?"

"चिकटते."

"मंग? हात ठेवायचा, पण सैल. वाऱ्यात गाडी जराशी हलणारच. हलू द्यायची. तू आवळलं की सगळा वारा तुझ्या खांद्यातून गाडीत उतरतो."

मला भाकरीवरून गाडी शिकवणारा माणूस या जगात दुसरा नसेल.

पहिल्या पावसाळ्यात तुम्ही माझ्या मागे बसलात. हे मी आता लोकांना सांगते तर त्यांना वाटतं एखाद-दोन दिवस बसले असतील. सबंध पावसाळा बसलात. "तुझं वजन ते केवढं, घाटमाथ्यावरचा वारा उचलून नेईल. मी पोतं म्हणून बसतो." सकाळी माझ्यामागे बसून शाळेपर्यंत यायचं, दिवसभर गावात थांबायचं आणि संध्याकाळी माझ्याचमागे बसून परत यायचं. रिटायर झाल्यावर लोक काशी, बुद्धगया करतात. तुम्ही पेठ रस्ता केलात.

गावातल्या पारावरची मंडळी सुरुवातीला हसायची. एकाने तोंडावर विचारलंच, "बाबा, सून चालवती आन् तुम्ही मागं?" तुम्ही रेनकोटची टोपी काढत म्हणालात, "पुढं बसलं की पाऊस लागतो, राजा. मागं कोरडं असतंय." त्यानंतर कोणी विचारलं नाही. उलट तुमच्यासाठी चहा यायला लागला.

वर्गात मागच्या भिंतीला टेकून बसायचात. पोरं तुम्हाला बाईंचे आजोबा म्हणायची. एकदा मी भागाकार घातला आणि तुम्ही मोठ्याने चुकीचं उत्तर दिलंत. सगळा वर्ग हसला. पहिल्या बाकावरची मंदा, जी तोवर वर्गात एक शब्द बोलली नव्हती, ती उभी राहून म्हणाली, "आजोबा, परत करा." तुम्ही पाटी घेऊन परत केलंत. मुद्दाम चुकलात की खरंच, हे मी पुढे अनेकदा विचारलं. तुम्ही नुसते मिशीत हसायचात. आता ते कळायचं राहूनच गेलं.

मंदाच्या आईनेच मला ते इरलं दिलं होतं. आवणीच्या दिवसांत बाया भात लावताना डोक्यावरून पाठीवर जाड प्लास्टिकची खोळ घेतात, ते. माझा रेनकोट फाटलेला बघून तिने मायेने दिलं आणि मी मायेने घेतलं. वर माझी अक्कलही चालवली. या इरल्यात दप्तरसुद्धा झाकलं जातं, रेनकोटात जात नाही, म्हणून गाडीवर तेच घालून निघाले. तुम्ही "काढ" म्हणालात, मी "मंदाच्या आईला वाईट वाटेल, गावाबाहेर गेलो की काढते" म्हणाले. आणि गावाबाहेर गेल्यावर विसरले.

माथ्यावरच्या उघड्या जागेत वारा आला. इरलं पाठीमागे भरारून फुगलं आणि गाडी रस्त्याच्या या कडेवरून पार त्या कडेला गेली. समोरून टोमॅटोच्या क्रेटने भरलेली पिकअप येत होती. मला अजून तिच्या दिव्यांचा पिवळा रंग आठवतो. तुम्ही ओरडला नाहीत. ते फडफडणारं प्लास्टिक दोन्ही हातांनी ओढून तुम्ही स्वतःच्या खाली दाबलंत, त्यावर बसलात, आणि माझ्या कानाशी अगदी हळू म्हणालात, "हात सैल." मी हात सैल केले. गाडी आपल्या बाजूला आली. पिकअपवाला शिव्या देत निघून गेला.

पुढे मी गाडी थांबवली. तुम्ही शांतपणे इरल्याची घडी घातलीत. "शेतात ते इरलं असतंय, गाडीवर ते शीड होतंय. आपल्याला होडी चालवायची नाय." मग माझा चेहरा बघून म्हणालात, "मंदाच्या आईला सांगू, सासऱ्यानं ढापलं म्हणून." आणि खरंच, ते इरलं तुम्ही शेवटपर्यंत वापरलंत. पावसात दूध आणायला चालत जाताना.

तुमची एक सवय मात्र मला फार छळायची. कुठेही थांबायचं असलं, घरी, शाळेत, टपरीवर, की तुम्ही आधी गाडी वळवायला लावायचात. तोंड रस्त्याकडे. मुसळधार पाऊस असो, मी चिंब झालेली असो, समोर छप्पर असो. "आधी फिरव, मग उतर." मी म्हणायचे, "मामा, निघताना फिरवू ना!" तुम्ही ऐकायचा नाहीत. मला वाटायचं ही कंपनीतली सवय. शिफ्ट सुटली की सगळ्यांना एकदम गेटबाहेर पडायचं असतं, म्हणून गाड्या आधीच वळवून लावत असतील. मी कधी विचारलं नाही. ओली होत, मनात चरफडत, फिरवायचे.

आणि तो निवाऱ्यातला दिवस. मामा, आपलं ते भांडण अजून संपलेलं नाही.

शाळेत आम्ही दोघंच शिक्षक, आणि त्या सकाळी दुसरे सर रजेवर होते. मी पोचले नाही तर शाळा उघडणार नव्हती. घाट चढून वर आलो आणि वाऱ्याने पाऊस आडवा केला. समोरचं दिसेना. तुम्ही माझ्या खांद्यावर थाप मारलीत, म्हणजे थांब. एस.टी.चा तो पत्र्याचा निवारा होता. तिथेही आधी गाडी वळवायला लावलीत. आत एक म्हातारे बाबा शेळ्या घेऊन उभे होते. त्यात आपण दोघं आणि एवढ्या शेळ्या, हलायलाही जागा नाही. पत्रा असा वाजत होता की आता उडतो की मग.

मी दर थोड्या वेळाने बाहेर डोकावत होते. "मामा, कमी झालाय. निघू."

"पाऊस कमी झालाय. वारा नाय झाला."

"हळू जाऊ."

"हळू गाडीला वारा जास्ती ढकलतो. त्या पुढच्या उघड्या माळावर ट्रक आडवा आला की वारा एकदम जातो, आन् ट्रक सरला की थप्पड मारतो. थांब."

"मुलं दाराशी उभी असतील."

"असू दे. थांब."

"बाई," ते शेळ्यांचे बाबा मध्येच म्हणाले, "बकरी कोट खाती तुमचा."

खरंच खात होती. माझ्या नव्या रेनकोटचं टोक तिच्या तोंडात होतं. मी ते ओढून काढलं आणि का कोण जाणे, त्या चावलेल्या टोकाकडे बघून माझा बांध फुटला. मी तुमच्यावर आवाज चढवला. आयुष्यात एकदाच.

"थांब, थांब, थांब! तुम्हाला सोपं आहे म्हणायला. बाई एकदा थांबली की तिला परत कोण निघू देतं? माझी लताताई माझ्यापेक्षा हुशार होती. दहावीला बाबा आजारी पडले तेव्हा सगळे म्हणाले, एक वर्ष थांब. अजून थांबलीय ती. दोन मुलांची आई झाली, अजून ते एक वर्ष संपलेलं नाही. मी थांबले तर मीही..."

ते म्हातारे बाबा शेळ्यांकडे बघत राहिले. तुम्ही पत्र्याबाहेर हात काढून वारा बघितलात. मग म्हणालात, "बरं. वारा पडू दे. मग बोलू यावर."

वारा पडला. आपण निघालो. मुलं दाराशी उभीच होती, ओली आणि खूश. शाळा उघडली, दिवस गेला, संध्याकाळी घाट उतरलो. तुम्ही त्यावर बोलला नाहीत आणि मीही विषय काढला नाही. मला वाटलं तुम्ही रागावलात. नंतर वाटलं विसरलात. त्यानंतर पावसाळे येत गेले, तुमचे गुडघे धरले, तुमचं मागे बसणं बंद झालं, आणि मी एकटी जायला लागले. घाटाआधी एक फोन, घाट चढल्यावर एक, शाळेत पोचल्यावर एक. त्या फोनांचा मला कधी कधी वैताग यायचा. एका रिंगला उचलायचात. "पोचली?" "पोचले." "बरं." बस, एवढंच. हे "बरं" ऐकायला मी आता काय वाटेल ते देईन.

तुम्ही गेलात तो दिवस कोरडा होता. स्वच्छ ऊन पडलं होतं. तुम्ही अंगणात गाडी पुसत होतात आणि छातीवर हात ठेवून पायरीवर बसलात. रस्त्याने काही केलं नाही, पावसाने काही केलं नाही. तरी सगळे रस्त्यालाच घाबरलेत, कारण घाबरायला काहीतरी लागतं, आणि तुमच्या हृदयावर कोणाला रागावता येत नाही.

आज सकाळी प्रवीण शिफ्टला गेला. आत्याबाई फोटोसमोर बसल्या होत्या. मी खिडकीशी उभी राहून चहा गाळत होते आणि मला तुमचं सकाळचं उभं राहणं आठवलं. हातात कप घेऊन फाटकाशी उभे राहायचात, त्र्यंबकच्या बाजूला ढग बघायचात, झाडांचे शेंडे बघायचात. मग निकाल द्यायचात. "आज जा." किंवा, "चहा होईस्तोवर थांब." "ती सर जाऊ दे, मंग निघ." "नऊपर्यंत बघ, उघडंल." एकदा तर "त्या कावळ्याला उडू दे" म्हणाला होतात, कारण वाऱ्यात कावळासुद्धा तारेवरून उठत नव्हता. तो उडाला आणि तुम्ही फाटक उघडलंत.

चहा कपात पडून वाहायला लागला तरी मी गाळतच होते. मामा, तुम्ही एकदाही "जाऊ नको" म्हणाला नाहीत. प्रत्येक वेळी थांब म्हणालात आणि त्याच वाक्यात निघायचं कधी तेही सांगितलंत. लोकांनी तुमचं अर्धंच वाक्य उचललंय. लताताईला थांबवणाऱ्यांनी दुसरं अर्धं कधी सांगितलंच नव्हतं.

मग खिडकीतून तो मागचा दिवा पुन्हा दिसला, आणि इतके दिवस काय चुकत होतं ते कळलं.

मी ओढणी कमरेला बांधली आणि अंगणात गेले. रिमझिम होती. खुर्च्यांच्या चळती जड झाल्या होत्या, प्रत्येकीत पाणी साचलेलं. एकेक उचलून टाकीच्या मागे नेली. गाडी न्यूट्रलला होती. मागे ओढली, थोडी पुढे, पुन्हा मागे. कोपरा अरुंद, पाय घसरत होते. हँडल टाकीला घासलं. एकदा वाटलं, पडते आता अंगावर. तेवढ्यात दारातून आवाज आला.

"काय करती गं?"

आत्याबाई उंबऱ्यात उभ्या होत्या. मी हात तसेच ठेवून म्हणाले, "गाडी फिरवते. भिंतीकडे तोंड आहे."

मला वाटलं, आता रडतील किंवा ओरडतील. त्या पायरी उतरून पावसात आल्या, गाडीच्या मागच्या दांडीला धरलं आणि जोर लावला. गाडी वळली. तोंड फाटकाकडे झालं. आम्ही दोघी धापा टाकत उभ्या राहिलो.

"प्रवीणनं एकदा अशीच भिंतीकडं लावली होती," त्या म्हणाल्या. "भरल्या ताटावरून उठून फिरवून आले हे. मी लय बोलले. म्हणलं, अन्नावरून उठायचं एवढं काय त्या गाडीत? तर म्हणाले, थांबलोय, मुक्कामाला नाय आलो." जरा वेळाने त्या पुढे म्हणाल्या, "तू नोकरीला लागल्यावरची गोष्ट. एक दिवस घाटातनं आले, गप्प गप्पच होते. म्हणाले, मास्तरीण आज लय खरं बोलली. मला उत्तर सुचंना."

मामा, तुम्ही विसरला नव्हतात.

मी टाकीला टेकून उभी राहिले. रडण्यासारखं झालं होतं, पण आत्याबाई भिजत होत्या. मी म्हणाले, "चला आत. सर्दी होईल."

"आत काय हाय?" त्या म्हणाल्या. "फोटो हाय आन् चहा हाय. पाव खाऊन खाऊन तोंड आलंय माझं. दळण संपलंय, कोणाच्या ध्यानात हाय का? ज्वारी निवडून ठेवलीय त्यांनी जायच्या आदल्या दिवशी. तशीच पडलीय डब्यात."

आत जाऊन त्यांनी कपाट उघडल्याचा आवाज आला. बाहेर आल्या तेव्हा एका हातात दळणाचा डबा होता आणि दुसऱ्या हातात चावी. अंगावर तुमचं इरलं. मी बघतच राहिले.

"ते नको, आत्याबाई," मी म्हणाले. "गाडीवर ते शीड होतं."

"म्हंजे काय होतं?"

"फुगतं वाऱ्यानं."

त्यांनी ते काढलं, घडी घालून पायरीवर ठेवलं, आणि माझा जुना, बकरीने खाल्लेला रेनकोट चढवला. मी बटणं लावून दिली. मी स्वतः हेल्मेट घातलं, त्यांच्या डोक्यावर तुमचं ठेवून पट्टा आवळला. त्या म्हणाल्या, "डोकं हाय का हंडा?" तुम्ही गेल्यापासून मला पहिल्यांदा हसू आलं.

त्या मागे बसल्या. डबा आमच्या दोघींच्या मध्ये. एवढी वर्षं तुम्ही गाडी चालवलीत, पण पावसात त्या कधी बसल्या नव्हत्या, खिडकीतून वाट बघणंच त्यांच्या वाट्याला आलं होतं. त्यांनी माझा खांदा इतका घट्ट धरला की बोटं रुतली.

"हात सैल ठेवा," मी म्हणाले.

"पडले म्हंजे?"

"नाही पडत. हलली तर हलू द्या."

गल्लीच्या तोंडाशी उघडी जागा आहे. तिथे वारा आलाच. गाडी जराशी डगमगली. मी काही केलं नाही, हात ठेवून राहिले, आणि ती आपोआप सरळ झाली. मागे वजन होतं. सरळ जाणाऱ्या गाडीत मागचं वजन किती आधार देतं ते मी विसरले होते. शेजारच्या बाई दारात उभ्या होत्या, तोंडाला पदर लावून. काय वाटलं असेल त्यांना, माहीत नाही.

सोमवारचं अजून काही ठरलेलं नाही, मामा. संध्याकाळी प्रवीण येईल आणि पुन्हा तेच बोलणं होईल, आणि या वेळी मी गप्प बसणार नाही. त्याला सांगीन की सकाळी फाटकाशी मी उभी राहीन. शेंडे बघीन. थांबायचं असेल तर थांबेन, आणि किती वेळ तेही सांगीन. जमेल का? भीती तर मलाही वाटते. घाटावर फोन लावीन तेव्हा पलीकडे तुम्ही नसाल. आत्याबाईंना फोन उचलता येतो. "बरं" म्हणायला त्या शिकतील.

गिरणीवर गर्दी होती. पावसाने सगळ्यांचीच दळणं राहिली असणार. पत्र्याच्या शेडपुढे मी गाडी थांबवली. पाऊस पुन्हा वाढत होता आणि छप्पर दोन पावलांवर होतं. मी पाय टेकवला आणि म्हणाले, "उतरा, आत्याबाई. भिजाल."

त्या हलल्या नाहीत. डबा छातीशी धरून, तुमचं हेल्मेट घालून तशाच बसून राहिल्या.

"आधी फिरव," त्या म्हणाल्या. "मंग उतरते."